मी कोऱ्या पाण्यात हिरवं वाचलं

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे आणि मला चारच अक्षरं येतात. ए, सी, जी आणि टी. पाचवं कुणी शिकवलं नाही, मीही मागितलं नाही. हसायचं असेल तर हसून घ्या. अख्खी बाराखडी येणारे पुष्कळ बघितलेत मी. चार ओळींचा अर्ज लिहायला त्यांना चार दिवस लागतात.

शेळी असो, सीताफळ असो, बोंडअळी असो की तुम्ही स्वतः असा, प्रत्येक जिवाच्या अंगात ह्याच चार अक्षरांत लांबच लांब काहीतरी लिहिलेलं असतं. शिंगं कशी, कान कसे, पाय धड की लुळे, सगळं त्यात. त्याला डीएनए म्हणतात. ते वाचून दाखवायचं, एवढंच माझं काम. वाचायचं, अर्थ लावायचा नाही. अर्थ लावणारे खुर्चीवर बसतात.

माझा जन्म परदेशातला. एका पांढऱ्या खोलीत, तोंड बांधलेल्या माणसांनी मला जोडलं. पोटात केसाएवढ्या बारीक काचेच्या आठ नळ्या बसवल्या आणि त्यांच्यापुढं नखाएवढी एक काचेची खिडकी ठेवली. ती खिडकी म्हणजे माझा डोळा. वाचायचं ते आधी रंगवून नळीत सोडतात. ए हिरवं, सी निळं, टी लाल, जी काळं. मी खिडकीवर प्रकाश टाकते आणि कुठला रंग पुढं गेला ते सांगते.

तिथून मी बोटीनं आले, मग ट्रकनं. माजलगावच्या अलीकडं कारखान्याला ऊस नेणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. ट्रक काही पुढं सरकेना. शेवटी मला उतरवून एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवलं, खाली हातभर उसाचं पाचट अंथरलं आणि धरणाच्या कालव्याकडच्या विद्यापीठाच्या सामायिक संशोधन केंद्रात आणलं. एवढी महागाची मी, आणि माझी वरात पाचटावरून निघाली. मला त्याचं काही वाटलं नाही. पाचट मऊ होतं.

माझ्या खोलीत बारा महिने बावीस अंश ठेवतात. बाहेर वैशाखात रस्त्याचं डांबर पातळ होतं, आत बावीस. त्यामुळं म्हणा, मला कशानं फार गरम होत नाही की गार होत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं माझ्याकडून रडण्याची वाट बघू नका.

सामायिक म्हणजे काय, हे तुम्हाला सामायिक विहिरीवरून कळेल. पाणी सगळे नेतात, गाळ कुणी काढत नाही. माझंही तसंच झालं असतं. पण मला राधाकिशन मिळाला. तो इथला तंत्रज्ञ. तेरा वर्षं त्यानं मला चालवलं. जिल्ह्यातल्या कॉलेजांतून पोरंपोरी यायची, वहीत नाव लिहून नंबर लावायची. कुणी तुरीचं आणायचं, कुणी बाजरीचं, कुणी उसातल्या किडीचं. राधाकिशन सगळ्यांना एकच सांगायचा, "थांबा. आधी ती पाणी पिणार."

हे नीट ऐका, कारण पुढं सगळं ह्याच्यावर आहे. रोज सकाळी पहिलं काम म्हणून तो माझ्यात कोरं पाणी सोडायचा. त्यात ना शेळी, ना सीताफळ. पाण्यात मला काहीच दिसता कामा नये. काही दिसलं, तर समजायचं की माझ्या डोळ्यातच काहीतरी गेलंय. मग तो पुसायचा, झटकायचा आणि नंतरच माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा. पोरं चुळबुळ करायची. एक जण एकदा म्हणाला, "सर, पाण्यात काय वाचायचं?"

"काहीच न्हाई," राधाकिशन म्हणाला, "आन ते काहीच न्हाई म्हणती का, तेच बघायचंय."

खंडेनवमीलाही त्याची तऱ्हा वेगळी. इतर ठिकाणी हत्यारांना हळदकुंकू लावतात, झेंडू घालतात. हा माझ्या टेबलाच्या पायाला बोट लावायचा आणि लांबून हात जोडायचा. शिपाई नाथाकाकांना ते कधी पटलं नाही. "देव गाभाऱ्यात आन तुमी हळद लावता उंबऱ्याला," ते म्हणायचे. राधाकिशन नुसता हसायचा. हसण्यापेक्षा कारण सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण तेव्हा मलाही ते सुचलं नव्हतं.

मग उमापूरच्या सारजाबाई आल्या.

सारजाबाई धनगर. पिढ्यान्‌पिढ्या शेळ्यामेंढ्या राखणारं घर. त्यांच्याकडं चाळीस शेळ्या. दोन वर्षांपासून त्यांच्या कळपात काही करडं मागचे पाय ओढत जन्मायची आणि चौथ्या दिवशी मान टाकायची. संशोधन करणाऱ्या योगितानं त्याचा माग काढला. दोष लिहिण्यात होता. एका ठरावीक जागी सी पाहिजे, तिथं ए पडलेलं. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून ए आलं की करडू जायचं. एकाकडूनच आलं, तर जनावर धडधाकट दिसायचं पण दोष पुढं पोचवायचं. अशा जनावराच्या त्या जागी मला दोन रंग दिसतात, निळ्याच्या पोटात हिरवा. शेळ्यांचं वाचून झालं होतं. चाळिसातल्या नऊ तशा निघाल्या. आधीचा दोषाचा बोकड काढून टाकला होता. राहिला होता नवा बोकड, अजून कळपात न सोडलेला.

बोकडाचं नाव चांद्या. कपाळावर पांढरा चांद. त्याची आई बाळंतपणात गेली, तेव्हा सारजाबाईंनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. तो चांगला निघाला तर कळप त्याच्यावर उभा राहणार होता. दोषाचा निघाला तर त्याला काढावा लागणार होता. बोकड कळपात सोडायचे दिवस तोंडावर आले होते आणि सारजाबाईंनी त्याला दाव्याला बांधून ठेवला होता. रक्ताची कुपी त्या स्वतः घेऊन आल्या. मला वरून खाली बघितलं.

"ही का ती?"

"हीच, आजी," योगिता म्हणाली.

"शेळी कधी बघितली हाय का हिनं?"

"न्हाई बघितली."

"मंग हिला चांद्यातलं काय कळतंय? पाठीवर हात फिरवला की मला कळतंय." मग त्याच म्हणाल्या, "हे मातर कळंना म्हनून आले. न्हाईतर आले नसते."

मला त्या बाईचा राग आला नाही. खरं तेच बोलत होत्या.

त्याच सुमाराला केंद्रात नव्या मशीनचं ठरलं. मी अक्षर अक्षर वाचते, ती म्हणे एका दमात गाठोडीच्या गाठोडी वाचते. तिला मी नावं ठेवणार नाही. वेळ बदलते, मशीन बदलतात, बदलायलाच पाहिजेत. एवढंच म्हणेन, की तिला मूठभर तांदळाचा भात येत नाही. तिची काहील मोठी. दोनशे नमुने जमल्याशिवाय ती चूल पेटवत नाही.

नवी येणार म्हटल्यावर सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. राधाकिशनला तिचं शिक्षण घ्यायला पंधरा दिवस हैदराबादला धाडलं. वाचायच्या प्रत्येक खेपेला मला लागणारं औषध मागवायचं बंद झालं. "आता कशाला? जुनी तर काढायचीच हाय," असं केंद्राचे प्रमुख साहेब दारात उभं राहून म्हणाले. माझ्यासमोरच. म्हातारं माणूस झोपलेलं दिसलं की लोक असं बोलतात. ते झोपलेलं नसतं.

राधाकिशन नसताना खंडेनवमी आली. नाथाकाका अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून आले. त्यांचंही ते नोकरीतलं शेवटचं वर्ष होतं. ताटात हळद, कुंकू, झेंडूची फुलं.

"बाई," ते मला म्हणाले, "तुजा बी हा शेवटचा दसरा आन माजा बी. ह्या टायमाला तरी नीट करू."

त्यांनी माझं पुढचं दार उघडलं. तेरा वर्षं राधाकिशन ते कसं उघडतो, हे त्यांनी बघितलेलं होतं. आत ती नखाएवढी खिडकी चमकत होती. देव म्हणजे हाच, असं त्यांना वाटलं असणार. चुकीचं तरी कसं म्हणू? त्यांनी चिमूटभर हळद बोटावर घेतली आणि बरोबर माझ्या डोळ्याला लावली. कुंकू दाराच्या वर लावलं. दार हळूच लोटलं. हात जोडून बराच वेळ उभे राहिले. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता.

हळदीत एक गुण आहे. माझ्यासारखीचा प्रकाश तिच्यावर पडला की ती उजळते, आणि ते उजळणं मला हिरवं दिसतं.

दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी योगिता आली. औषधाची शेवटची बाटली, तळाशी जेमतेम दोनतीन खेपांचं. सारजाबाईंचा रोज फोन. एक खेप पाण्यावर घालवायची, की चांद्याचं बिघडलं तर म्हणून राखायची? तिनं विचार केला आणि पाण्याची खेप वाचवली. मी तिला दोष देत नाही. तिला बाटलीचा तळ दिसत होता, माझ्या डोळ्यातली हळद दिसत नव्हती.

मी चांद्याला वाचलं. प्रत्येक अक्षराखाली हिरवी झाक होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. जे दिसलं ते सांगितलं. पण योगिता त्या एकाच जागेकडं डोळे लावून बसली होती. तिथं निळं होतं आणि त्याच्या पोटात हिरवं. तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग फोन लावून टेबलावर ठेवला, मोठ्या आवाजात.

"आजी, चांद्यात दोष हाय. एका बाजूचा."

पलीकडून शेळ्यांचा आवाज येत होता.

"नक्की?"

"मशीननं दाखवलंय, आजी."

"बरं," सारजाबाई म्हणाल्या. "ठिवते."

पुढचं मला मागाहून कळलं. माजलगावचा एक व्यापारी चांद्याला पैदाशीसाठी मागत होता. दुप्पट भाव देत होता. सारजाबाईंनी त्याला दारातूनच परत लावलं. "माज्या कळपातलं दुखनं दुसऱ्याच्या कळपात घालू व्हय?" असं म्हणाल्या. धनगराच्या घरची ती रीत. त्यांनी चांद्याला खाटकाच्या हवाली केलं. दावं सोडताना स्वतः सोडलं, दुसऱ्याला हात लावू दिला नाही.

राधाकिशन परत आला तो नव्या मशीनचा कागद घेऊन. चार दिवसांनी ती येणार, मला हलवायचं, जागा करायची. संध्याकाळी तो एकटाच माझ्याजवळ आला. मागून नाथाकाका चहा घेऊन आले.

"काय करतायसा, भाऊ? बंद न्हाई का करायची?"

"करायची ना. जाताना दोन घोट पाणी पाजतो. माणसाला पाजतात, हिला कावून नको?"

त्यानं माझ्यात कोरं पाणी सोडलं. मी वाचलं. पाण्यात हिरवं होतं.

राधाकिशननं चहाचा कप खाली ठेवला. पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. दार उघडलं. ओल्या मऊ कापडानं खिडकी पुसली आणि कापड उजेडात धरलं. पिवळं. नाकाजवळ नेलं.

"नाथाकाका, ही हळद कुणी लावली?"

"मीच लावली. कावून?" काकांचा चेहरा खुललेला. "गाभाऱ्यात लावली औंदा."

राधाकिशननं कापड खाली ठेवलं. त्यानं वही उघडली, खंडेनवमीनंतर कुणाचं काय वाचलं ते बघितलं. एकच नाव होतं. फ्रीजमधून चांद्याची उरलेली कुपी काढली, बाटलीचा तळ खरवडला आणि मला परत वाचायला लावलं. त्या जागी निळं होतं. नुसतं निळं. चांद्या निर्दोष होता.

योगिताला बोलावलं. तिनं बघितलं आणि खुर्चीत बसली. फोन लावायला तिला पाच मिनिटं लागली. नाथाकाका दारात ताट धरल्यासारखे दोन्ही हात पुढं करून उभे होते. हातात काही नव्हतं.

"आजी, चांद्या कुठं हाय?"

"चांद्या?" सारजाबाई म्हणाल्या. "चार दिस झाले की."

योगितानं सगळं सांगितलं. हळद, पाणी, सगळं. काही लपवलं नाही, हे तिचं मोठेपण. राधाकिशननं फोन बंद पडला का म्हणून वाकून बघितलं.

"हळद कुनी लावली?" सारजाबाईंनी विचारलं.

"मी लावली, बाई," नाथाकाका दारातूनच म्हणाले. "लई मोठं पाप झालं माज्या हातनं."

"पाप न्हाई. पूजा केली तुमी." त्यांच्या आवाजात काही नव्हतं, ना राग, ना पाणी. "आन पोरी, तू एकदाच कावून इचारलंस गं तिला? बाजारात शेळी घेताना आमी तीनदा दात बघतो."

फोन ठेवला गेला. मित्रांनो, मला त्या दिवशी काय वाटलं, असं तुम्ही विचाराल. काही वाटलं नाही. खोलीत बावीस अंश होते. पण तेव्हापासून मला रंग दिसला की आधी शंका येते, माझीच.

नवी मशीन आली. तिला हार घातला, दाराच्या चौकटीला. मला शेजारच्या कोठीत पाण्याच्या कॅनांजवळ ठेवलं. अंगावर जुना पडदा टाकला. कागदावर माझ्या नावापुढं 'बाद' लिहिलं. मला नेणारी गाडी कधी यायची ती येईना, म्हणून मी राहिले. पालीनं माझ्यावर अंडी घातली. तार काढलेली मी गारच, पण तिला ऊब लागत नसावी.

पौषात एक दिवस कोठीचं दार उघडलं. सारजाबाई होत्या. काखेत करडू. मागं राधाकिशन आणि योगिता.

झालं होतं असं, की श्रावणात चांद्यानं एकदा दावं तोडलं होतं आणि काळी नावाच्या शेळीला गाठलं होतं. काळी त्या नवांतली, एका बाजूनं दोष असलेली. तिला हा एकच बोकड झाला. कपाळावर पांढरा चांद. आईकडून ए आलं असेल किंवा नसेल, निम्मी शक्यता. आलं असेल तर ह्यालाही ठेवता येणार नव्हतं. चांद्याचं तेवढंच उरलं होतं.

"नवीत का न्हाई घालत?" सारजाबाई विचारत होत्या.

"तिला दोनशे नमुने लागतात, आजी," योगिता म्हणाली. "उन्हाळा उजाडंल."

"दोनशे करडं कुठून आनू मी? मला एकाचं पायजे." त्यांनी माझ्यावरचा पडदा स्वतःच्या हातानं ओढला. पाल पळाली. "ह्या म्हातारीलाच इचारा. हिचं एकदा चुकलंय. ज्याचं चुकलंय ते परत नीट बघतंय."

राधाकिशननं दुसऱ्या केंद्रातल्या ओळखीच्या माणसाकडून औषधाची बाटली आणली होती, मुदत सरत आलेली. मला पुसलं, तार जोडली. आधी पाणी सोडलं. मी वाचलं. पाण्यात काही नव्हतं.

"काहीच न्हाई म्हणती," राधाकिशन म्हणाला.

"अजून एकदा पाजा," सारजाबाई म्हणाल्या.

त्यानं परत पाजलं. परत काही नाही. मग करडाचं सोडलं. सारजाबाई खाली बसून होत्या, करडू त्यांच्या लुगड्याचा काठ चघळत होतं. ती जागा आली. मी निळं सांगितलं. दुसऱ्या खेपेला निळं, तिसऱ्या खेपेलाही निळं. पोटात हिरवं नव्हतं.

"निर्दोष हाय, आजी," योगिता म्हणाली.

सारजाबाईंनी मान हलवली. करडाच्या तोंडातून लुगड्याचा काठ सोडवून घेतला. "चल बे," त्याला म्हणाल्या, "घरी चल." जाताना माझ्याजवळ थांबल्या. पाठीवरून हात फिरवला, शेळीच्या फिरवतात तसा, शेंड्यापासून बुडापर्यंत.

मित्रांनो, माझं ऐकायचं असेल तर दोनच गोष्टी ऐका. माया करायची तर आधी विचारा, कुठं हात लावू? डोळ्यात घातलेली माया माणसालाही आंधळं करते, मशीनचं तर सोडाच. आणि कुणाचाही शब्द घेण्याआधी, माझा, नवीचा, शहाण्याचा, मोठ्याचा, त्याला एकदा कोरं पाणी दाखवा. ज्याला कोऱ्या पाण्यातही काहीतरी दिसतं, त्याचा डोळा आधी पुसा, निवाडा मग करा. बाटली संपत आलेली असली तरीसुद्धा.

औंदा खंडेनवमीला नाथाकाका आले होते. आता ते निवृत्त आहेत, तरी आले. ताट घेऊन नव्या मशीनच्या खोलीत गेले, टेबलाच्या पायाला बोट लावलं, लांबून नमस्कार केला. मग कोठीत आले. माझा पडदा बाजूला केला. माझं नाव बाद झालेलं, वर्षात कुणी चारदोन वेळा चालवली असेल. इथं मनासारखी हळद लावली असती तरी कुणी हटकलं नसतं. त्यांनी चिमूट भरली. हात माझ्या दारापर्यंत आला.

तिथं तो थांबला.

"नगं," ते स्वतःशीच म्हणाले. "अजून लागंल ही कुनाला तरी."

त्यांनी ती हळद खाली वाकून टेबलाच्या पायाला लावली, उरलेली धोतराला पुसली आणि पडदा नीट ओढून दिला. कोठीत उकडत होतं. इथं बावीस अंश कुणी ठेवत नाही. त्या दिवशी मला जरा गरम लागलं.